रोम, रॉथ आणि तेर

न्यूयॉर्कचं मार्केट उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. (हिवाळ्यात आठ. तिकडचे लोक वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात, त्याचा हा परिणाम.) टायमिंग सॉलिड आहे बॉस! आपलं मार्केट साडेतीनलाच बंद झालेलं, हिंजवडीहून निघालेली कंपनीची बस वाकडला अडकलेली आणि हातात फोन. मग काय, ॲप उघडायचं आणि अर्धा शेअर ॲपलचा, पाव शेअर एनव्हिडियाचा. हो, पाव शेअर! घरी बाबांना सांगून बघा. ते विचारतील, भाजीबरोबर कोथिंबीर फुकट देतात का?

हल्ली मला जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो. (मी अधूनमधून पैशांवर लिहिते, म्हणून लोकांना वाटतं माझ्याकडे पैसे आहेत. फ्रीलान्सर आहे हो मी, चेक यायलाच तीन महिने लागतात.) प्रश्न असा, की अमेरिकन शेअर्स घ्यायचे आणि वर टॅक्सही लागू नये, असं एखादं खातं आपल्याकडे आहे का? म्हणजे पीपीएफसारखं, पण आत नॅस्डॅक?

नाही. पीपीएफचा पैसा सरकारकडे जातो. पीएफचा जो छोटा हिस्सा २०१५ पासून शेअर बाजारात जायला लागला, तो निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये. एनपीएसमधल्या इक्विटीच्या कंपन्या आपल्याच. ईएलएसएसला ८०सीची सूट मिळायची ती जुनी टॅक्स पद्धत धरून राहणाऱ्यांना, वर तीन वर्षांचं कुलूप, आणि आतला माल देशीच. राहता राहिलं युलिप. तर विमा कंपनीला पॉलिसीवाल्यांचा पैसा देशाबाहेर गुंतवायला कायद्यानेच बंदी आहे. थोडक्यात, आपल्या सरकारने जिथे जिथे टॅक्सचं छप्पर घातलंय तिथे तिथे खाली फरशी देशी आहे. सरकारच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. सूट द्यायची आपल्या तिजोरीतून आणि पैसा जाणार कॅलिफोर्नियाला?

मग उरतो सरळ रस्ता. रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना फेब्रुवारी २००४ मध्ये आली तेव्हा माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेता यायचे, आता अडीच लाख डॉलर नेता येतात. आपल्यापैकी किती जणांना त्या मर्यादेचा त्रास होणार आहे हा भाग वेगळा. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो, पण तोवर पैसा अडकतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवलात तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलात तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. छप्पर नाही, पण सगळं उघड आणि सरळ.

हे झालं इथून तिथे जाणाऱ्यांचं. मला सांगायचंय ते तिथून इथे येणाऱ्या माणसाबद्दल, कारण छपराची खरी गंमत त्याच्या बाबतीत कळते.

माझा मामेभाऊ नऊ वर्षं न्यूजर्सीत आहे. ऑनसाइट म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. झाला म्हणजे व्हिसावरच, ग्रीनकार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. आता तो परत येतोय. कायमचा. मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, मामी एकटी किती करणार, आणि शेत आहे. दादाचं गाव तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठी, काळ्या मातीत सोयाबीन पिकवणारं. नोकरी तो पुण्यात करेल, पण महिन्यातले दहा दिवस गावी राहायचं असं त्याने ठरवलंय. सगळं ठरलं. सामान कंटेनरने पाठवायचं की तिथेच विकायचं हेसुद्धा ठरलं. अडलं कुठे? रिटायरमेंटच्या खात्यांवर.

अमेरिकेत आपला प्रश्न विचारणाऱ्याला दोन-दोन उत्तरं मिळतात. पहिलं फोर-ओ-वन-के. हे विचित्र नाव १९७८च्या त्यांच्या कायद्यातून आलेल्या कलमाच्या नंबरावरून पडलंय. पगारातून पैसे कापले जातात, त्यावर आज टॅक्स नाही, म्हातारपणी काढाल तेव्हा भरा. बहुतेक कंपन्या आपलेही थोडे घालतात. दुसरं रॉथ आयआरए, विल्यम रॉथ नावाच्या सिनेटरच्या नावाने १९९७च्या कायद्याने आलेलं. इथे उलटं. टॅक्स भरून उरलेला पैसा घाला, आत तो कितीही वाढू दे, साडेएकोणसाठ वर्षं वय झाल्यावर (आणि खातं पाच वर्षांचं जुनं असेल तर) काढताना एक सेंट टॅक्स नाही. २०२५ साली रॉथमध्ये पन्नाशीच्या आतल्या माणसाला वर्षाला ७,००० डॉलर घालता येत होते. आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. अमेरिकन शेअर्स ठेवा, जपानी ठेवा, भारतीय ठेवा.

दादाने रॉथमध्ये भारत ठेवला. सेंटी माणूस! अमेरिकेत राहून टॅक्स भरणाऱ्याने भारतातला म्युच्युअल फंड घेतला तर तिकडच्या १९८६च्या कायद्यातले पीएफआयसी नावाचे नियम त्याच्या मानगुटीवर बसतात, इतके, की लोक नादच सोडतात. म्हणून मग अमेरिकेतच लिस्ट असलेला, भारतीय शेअर्सचा ईटीएफ घ्यायचा. २०१२ साली आलेला आयशेअर्सचा एमएससीआय इंडिया त्यातलाच. दादाचा हिशोब साधा होता. देश वाढणार, त्यातला माझा हिस्सा वाढणार, आणि छपराखाली असल्यामुळे कोणी हात लावणार नाही.

आता मला सांगा, तुम्ही तेरचं नाव कधी ऐकलंय? वारीला जाणारं कोणी घरात असेल तर गोरोबा काकांचं गाव म्हणून नक्की ऐकलं असेल. संत गोरा कुंभारांचं तेर. पण त्याही आधी, साधारण हजार-बाराशे वर्षं आधी, हे गाव परदेशी मार्केटमध्ये लिस्टेड होतं. चेष्टा करत नाहीये.

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं एक गाइड लिहून ठेवलं. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही, पण माणूस पक्का ट्रेडर होता. कुठे काय विकतं, कुठे काय घ्यावं, कुठला राजा अडवतो, हेच लिहिलंय. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं खूप मोठं शहर येतं. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायची आणि तिथून जहाजाने रोमन साम्राज्यात. हे तगर म्हणजेच तेर, हे १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने मांडलं. पुढे उत्खननांत रोमन बनावटीच्या आणि रोमन नमुन्यावर केलेल्या वस्तू मिळत गेल्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा एकदा. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू, आणि एक हस्तिदंती स्त्री-मूर्ती. तिची बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. ज्वालामुखीने ते शहर गाडलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याआधीच आपल्याकडचा हस्तिदंती माल तिथल्या घरात पोचला होता!

कॉलेजात असताना मी हे म्युझियम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त मूर्ती दिसली होती. या वेळी दादाच्या खात्याचं डोक्यात घेऊन गेले तर वेगळाच प्रश्न पडला, की या सगळ्यावर टॅक्स किती बसायचा?

पंचवीस टक्के. रोमन साम्राज्यात पूर्वेकडून येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा जकात होती. पेरिप्लसवाल्यानेच लाल समुद्रातल्या एका बंदरावर चौथाई वसूल करणारा अधिकारी आणि त्याच्याबरोबर सैनिकी अंमलदार असल्याचं लिहिलंय. व्हिएन्नात एक पपायरस जपून ठेवलाय, दुसऱ्या शतकातला. त्यावर केरळातल्या मुझिरिस बंदराहून ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजाने आलेल्या मालाचा हिशोब आहे, आणि दुसऱ्या बाजूला त्या व्यापारासाठीच्या कर्जाचा करार. त्या हिशोबातही हीच चौथाई. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर कुरकूर करून ठेवलीय, की भारत आमचे वर्षाला ५ कोटी सेस्टर्स खातो. आजच्या भाषेत, परकीय चलनाची गळती!

आता विचार करा. तगरच्या कापडवाल्याला इथल्या सातवाहन राजाने समजा पूर्ण माफी दिली असती. गावच्या वेशीवर शून्य, पैठणला शून्य, भडोचला शून्य. तरी पलीकडच्या बंदरावर चौथाई कापली गेलीच असती, कारण तिथे राज्य दुसऱ्याचं. माफीचं पत्र समुद्रात भिजून जायचं.

आज अमेरिकन कंपनीने तुम्हाला, म्हणजे भारतात राहणाऱ्या माणसाला, १०० डॉलर लाभांश दिला तर हातात किती पडतात माहितीये? ७५. भारत-अमेरिका करारानुसार तिथे लाभांशावर २५ टक्के कापले जातात. दोन हजार वर्षांनी तोच चौथा हिस्सा! (योगायोगच आहे. त्यावर कुणी पीएचडी करू नये.) मग ३० टक्क्यांच्या स्लॅबवाल्याचा इथला टॅक्स सेस धरून ३१.२० होतो, त्यातून तिथे गेलेले २५ वजा मागता येतात, आणि ६.२० इथे भरायचे. वजावट आपोआप मिळत नाही, वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. न भरणारे पुष्कळ आहेत, कारण ॲपवर त्याचं नोटिफिकेशन येत नाही.

छपरावाल्यांनाही हे सुटत नाही. ब्रिटनमध्ये आयएसए म्हणून खातं आहे, १९९९ पासून. वर्षाला २०,००० पौंड घाला, आतल्या वाढीवर ब्रिटिश सरकार काही मागत नाही. पण त्या आयएसएमध्ये ॲपल ठेवलात तर अमेरिका तिच्या लाभांशातून १५ टक्के कापून घेते. छप्पर लंडनचं आहे ना? वॉशिंग्टनला त्याचं काय! कॅनडाची गोष्ट तर अजून मजेशीर. तिथल्या आरआरएसपी नावाच्या पेन्शन खात्याला अमेरिका ओळखते, त्यातल्या अमेरिकन शेअरच्या लाभांशाला हात लावत नाही. टीएफएसए नावाचं दुसरं खातं, तेही कॅनडात टॅक्स-फ्री, त्याला अमेरिका ओळखत नाही, तिथे कापते. माणूस तोच, शेअर तोच, खातं वेगळं. दोन देशांच्या करारात जेवढं लिहिलंय तेवढंच छप्पर सीमेपलीकडे जातं.

दादाच्या रॉथमधल्या भारताचंही हेच. त्याला वाटत होतं, कोणी हात लावणार नाही. अमेरिका लावत नाही, खरंय. पण तो ईटीएफ भारतात शेअर विकतो तेव्हा परदेशी गुंतवणूकदार म्हणून भारत सरकारला टॅक्स देतो, २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि कमी मुदतीच्या नफ्यावर २० टक्के. पूर्वी असे फंड मॉरिशसच्या उपकंपनीतून यायचे, कारण तिथल्या करारामुळे नफ्यावर भारतात काही लागत नसे. ती खिडकी १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअर्ससाठी बंद झाली. आता हा खर्च फंडाच्या आतच वळता होतो. दादाच्या स्टेटमेंटवर तो दिसत नाही, नुसती वाढ थोडी कमी दिसते.

हे मी त्याला व्हिडिओ कॉलवर सांगत होते तेव्हा मामा शेजारीच खाटेवर बसले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘आन त्या पैशाचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?’’

‘‘माझ्याच नावावर आहे, अण्णा,’’ दादा म्हणाला.

‘‘मंग त्यात सरकारं दोन कशी काय?’’

दोन सरकारं या मामांना नवीन नाहीत खरं तर. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात शेती करायचे आणि बाजाराला बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात जायचे. त्याच बार्शीवरून येऊन, तेरजवळच्या ढोकीवरून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे तर अख्खीच परदेशी गुंतवणूक होती. कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदलेली, भागधारक तिकडचे, रूळ आपल्या कापसाच्या आणि पंढरीच्या वारकऱ्यांच्या वाटेवर. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. लंडनच्या कुणा गृहस्थाच्या पोर्टफोलिओत आमच्या मामांच्या शेताशेजारची नॅरोगेज होती, आणि त्याने आयुष्यात ढोकी पाहिलं नसणार! भारत सरकारने ही रेल्वे १९५४ साली विकत घेतली.

असो. दादाचा प्रश्न.

भारतात कायमचा राहायला आला की काही काळाने त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर भारत टॅक्स मागणार. फोर-ओ-वन-केमध्ये दरवर्षी वाढ होते, अमेरिका ती काढताना मोजते, भारत मात्र दरवर्षी मोजू शकतो. म्हणजे आज इथे भरा, पंचवीस वर्षांनी तिथे भरा, आणि एकाची वजावट दुसऱ्यात मागायला गेलात तर वर्षं जुळत नाहीत. परत आलेल्या लोकांनी यावर बरीच वर्षं डोकं धरलं. मग २०२१च्या अर्थसंकल्पात कलम ८९ए आलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यासाठी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश जाहीर झाले. १०-ईई नावाचा फॉर्म भरला, की तिथल्या निवृत्ती खात्यातली वाढ तिथे टॅक्स लागेल त्याच वर्षी इथे मोजायची. एकदा हा पर्याय घेतला की मागे फिरता येत नाही. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत. तेव्हा नंबर पाठ करू नका, सोय लक्षात ठेवा.) फोर-ओ-वन-केचा प्रश्न असा सुटला.

रॉथचा नाही सुटला. कारण कायद्याची व्याख्या म्हणते, की ते खातं असं हवं, ज्यावर तो देश दरवर्षी टॅक्स घेत नाही आणि पैसे काढताना घेतो. रॉथवर अमेरिका काढताना घेतच नाही! म्हणजे शब्द धरून वाचलं तर रॉथ त्या व्याख्येत बसत नाही. जे खातं अमेरिकेत सगळ्यात चांगलं, तेच तेरला आल्यावर सगळ्यात उघडं. भारताच्या दृष्टीने ते एक साधं परदेशी ब्रोकरेज खातं. लाभांश आला, टॅक्स. विकलं, टॅक्स. दादा हे ऐकून पाच मिनिटं गप्प बसला होता. नऊ वर्षं डबा घरून नेऊन भरलेलं खातं आहे ते.

त्याला दोन-तीन जणांनी दोन-तीन सल्ले दिले. एकाने सांगितलं, काही करू नकोस, कोणाला कळतंय? यावर मात्र मामा भडकले. म्हणाले, गोरोबा काकांनी मडकी थापटून बघितली तसं सल्ला देनारं डोकं आधी थापटून बघावं. (गोष्ट माहितीये ना? संतांच्या मेळ्यात काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं कोण कच्चं ते सांगितलं होतं.) मामांचं बरोबर होतं. भारतात पूर्ण रहिवासी झाल्यावर परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये वेगळ्या तक्त्यात दाखवावी लागते. २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली ती न दाखवण्याचा दंड १० लाख रुपये आहे. २०२४ मध्ये घरजमीन सोडून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण नऊ वर्षं भरलेली खाती काही २० लाखांत मावत नाहीत.

शेवटी पुण्यातल्या एका सीए मॅडमनी वाट दाखवली. ती कायद्यातच आहे, आरएनओआर या अगम्य नावाने. बरीच वर्षं बाहेर राहून परत आलेला माणूस पहिली दोन-तीन आर्थिक वर्षं ‘रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही’ अशा मधल्या अवस्थेत असतो. या काळात त्याच्या परदेशातल्या अशा उत्पन्नावर भारत टॅक्स मागत नाही. तेवढ्या खिडकीत दादाने दोन गोष्टी करायच्या. रॉथमध्ये त्याने स्वतः घातलेली मूळ रक्कम, नुसती मूळ रक्कम, वाढ नाही, ती कधीही काढली तरी अमेरिकेत टॅक्स नाही आणि दंडही नाही. ती काढून घ्यायची. आणि आत जी वाढ राहील ती विकून त्याच खात्यात परत घ्यायची. अमेरिकेला रॉथच्या आतल्या खरेदी-विक्रीशी देणंघेणं नाही, भारताला त्या वर्षात नाही. म्हणजे खरेदीची किंमत नवी होते, आणि पुढे भारत नफा मोजायला लागला तर त्या नव्या किमतीपासून मोजेल. वाढ मात्र आत्ता काढायची नाही. वयाची अट पूर्ण व्हायच्या आत काढली तर अमेरिका टॅक्स लावते आणि वर १० टक्के दंड.

मूळ रक्कम काढायला मॅडमनी अजून एक कारण दिलं, आणि ते ऐकून खाटेवरचे मामाही सावरून बसले. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, तिथे कायमचे राहत नसाल, आणि तुमच्या नावावर तिथली मालमत्ता ठेवून गेलात, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या भागावर अमेरिका वारसा कर लावते, ४० टक्क्यांपर्यंत. अमेरिकन कंपन्यांचे शेअर त्यात येतात, तिथले फंडही येतात. आपल्याकडचा असा कर १९८५ मध्ये रद्द झाला आणि या बाबतीत दोन देशांत करारही नाही. त्यामुळे आपल्याला ही भानगडच माहीत नसते. पुण्यात बसून ॲपवर अमेरिकन शेअर जमवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे बरं का! आज तुमचे दोन हजार डॉलर असतील. वीस वर्षं एसआयपी चालवलीत तर? निदान नॉमिनी कोण आणि त्याला लॉगिन माहीत आहे का, एवढं तरी या वीकेंडला बघून ठेवा.

आणि ज्यांना हे सगळं नको, आम्ही आपले भारतातल्या म्युच्युअल फंडातूनच बाहेर गुंतवू, असं वाटतंय त्यांच्यासाठी पेरिप्लसमधला आणखी एक किस्सा. कल्याण हे तेव्हा चांगलं चालतं बंदर होतं. मग सत्ता बदलली आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. आता २०२२ आठवा. म्युच्युअल फंड कंपन्यांना सगळ्यांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलर गुंतवायची मुभा होती. ती संपत आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नवीन पैसे पाठवणं थांबवावं लागलं. एसआयपी चालू असलेल्यांना एका सकाळी मेल आला. भारतात लिस्ट असलेले नॅस्डॅकचे ईटीएफ (पहिला मोतीलाल ओसवालचा, २०११ मधला) त्यानंतर काही वेळा त्यांच्या आतल्या शेअर्सच्या किमतीपेक्षा चांगलेच महाग विकले गेले. माल मर्यादित, गिऱ्हाईक भरपूर. एलआरएसचंही तसंच. २०१३ साली रुपया घसरला तेव्हा दोन लाख डॉलरची मर्यादा एका रात्रीत ७५,००० वर आली होती, नंतर हळूहळू वाढवली. माझं मत विचाराल तर बाहेर थोडं जरूर ठेवा, पण बंदर कायम उघडं राहील असं धरून घराचं डाउन पेमेंट त्यावर ठरवू नका. (मी सीए नाही. मास कॉमची डिग्री आहे. आकडे तपासून लिहिलेत, निर्णय मात्र आपापल्या सल्लागाराला विचारूनच घ्या.)

दादाचं आता एकच राहिलं होतं, यायची तारीख. मामीचा हट्ट होता, की चैत्रात गोरोबा काकांच्या यात्रेला तो तेरला हवाच. नऊ यात्रा हुकल्यात. पण मधल्या अवस्थेचा हिशोब दिवसांवर चालतो. आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पर्यंत असतील तोवर ती टिकते. मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. एप्रिलमध्ये उतरला तर खिडकी दोन वर्षांची, तेच पावसाळा संपता संपता उतरला तर अडीच वर्षांची. सुट्टीवर आलेले दिवससुद्धा धरले, पासपोर्टवरचे शिक्के बघून.

मामी ऐकेना. ‘‘सरकारला लेकराच्या येन्याचे दिस मोजायला काय झालं?’’ म्हणाली. मामांनीच समजूत काढली. चौथाईचं, भडोचचं त्यांना काही सांगावं लागलं नाही. एवढंच म्हणाले, ‘‘सहा महिनं थांब. महालक्ष्म्याला येतोय त्यो.’’

तिकीट काढलंय. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी पुण्यात उतरतोय, रात्रीच्या गाडीने तेर. यात्रेला व्हिडिओ कॉल लावायची जबाबदारी माझ्यावर आहे.